देवमन तेलगोटे आणि पालथा कळस

देवमन तेलगोटे हा कोणाला आवडावा असा माणूस नव्हता, आणि कोणाला आवडावं अशी त्याला हौसही नव्हती. अकोल्याच्या एका हायस्कुलात तो प्रयोगशाळेचा शिपाई होता. काटकुळा, कानाच्या पाळ्या मोठ्या, आणि तोंडावर कायम असा भाव की समोरच्यानं आत्ताच काहीतरी लबाडी केली आहे आणि ती याला कळली आहे. गंमत अशी की पुष्कळदा ती केलेलीही असायची. पोरं त्याला भीत, मास्तर त्याला टाळत. बायको भागीरथा कापसाच्या जिनिंगात रोजानं जायची. ती म्हणायची, या माणसाच्या जिभेला हाड असतं तर बरं होतं, एखाद्या दिवशी मोडलं तरी असतं.

त्याचा बाप पातूरकडच्या एका खेड्यात गावकीची कामं करायचा. सरकारी टपाल पोचवायचं, मेलेलं ढोर ओढायचं, आणि पाटलाच्या दारासमोर हाक येईपर्यंत उन्हात उभं राहायचं. देवमन सातवी झाला, थोडं इंग्रजी शिकला, आणि बापाच्या जागी उभं राहायला साफ नाही म्हणाला. अठ्ठेचाळीस साली तो या शाळेत लागला. छप्पन्नच्या दसऱ्याला नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आला आणि आल्या दिवशी घरातला देव्हारा उतरवला. त्यानंतर दर खंडेनवमीला तो प्रयोगशाळेतला तराजू, सूक्ष्मदर्शक, दिवे सगळं लख्ख पुसून टेबलावर मांडून द्यायचा, आणि हळद-कुंकवाचं ताट आत आलं की स्वतः व्हरांड्यात जाऊन उभा राहायचा. कोणी त्याला काही बोललं नाही. पण सगळ्यांनी ते लक्षात ठेवलं होतं.

शाळेचे अध्यक्ष शेषराव म्हैसने. बाळापूरकडची दोनशे एकर काळी जमीन, आणि अकोल्यातल्या मोठ्या देवळाचं विश्वस्तपण. सगळे त्यांना अण्णासाहेब म्हणत. एकोणसाठच्या आषाढात ते मुंबईला गेले होते, तिथल्या एका दुकानात त्यांना दुर्बीण दिसली आणि त्यांनी ती शाळेसाठी घेतली. हातभर लांबीची पांढरी नळी, खाली तीन आखूड पाय. जमिनीवर उभी करायची नव्हे, टेबलावर ठेवून बघायची. खोक्यावर इंग्रजीत लिहिलं होतं की आकाश बघायला शिकणाऱ्या नवख्यांसाठी ही बनवली आहे. शाळेनं समारंभ केला, आभार मानले, आणि खोकं कपाटात गेलं, कारण ती दुर्बीण कोणाला जोडता येईना.

जोडायला हवी होती ती विज्ञानाच्या मास्तरांनी, वामनराव सरप यांनी. वामनराव नागपूरचे बी.एस्सी. अक्षर मोत्यासारखं, कोटाची बटणं कायम लावलेली. विज्ञान त्यांना पाठ होतं. हेडमास्तर चैत्रात निवृत्त होणार होते आणि त्या खुर्चीवर वामनरावांचा डोळा होता, हे शाळेतल्या घंटेलाही माहीत होतं. एका दुपारी त्यांनी दुर्बिणीशी झटापट केली, एक पाय भलत्याच जागी बसवला, आणि दुकानदारानं काही भाग दिलेच नाहीत असं जाहीर करून ते हात धुऊन मोकळे झाले.

खोक्यात एक इंग्रजी कागद होता. तो देवमननं घरी नेला. वाचनालयातून शब्दकोश घेतला आणि पंधरा दिवस, जिनिंगाच्या भोंग्यापासून जेवणापर्यंत, एकेक शब्द लावत बसला. भागीरथानं विचारलं, यानं पगार वाढणार आहे का. तो नाही म्हणाला. मग ती पुन्हा त्या भानगडीत पडली नाही.

भाद्रपदातल्या एका उघडिपीला, दिवेलागणीच्या सुमाराला, त्यानं शाळेच्या गच्चीवर टेबल नेलं, त्यावर दुर्बीण मांडली आणि चंद्राकडे लावली. चंद्राला खड्डे होते. कडेला डोंगर होते, आणि त्या डोंगरांच्या सावल्या पडल्या होत्या. देवमनला रडू आलं, आणि रडू आलं म्हणून त्याला राग आला. दुसऱ्या दिवशी त्यानं गुरू पाहिला, त्याच्याजवळ एका रेषेत बसलेले चार ठिपके पाहिले. तिसऱ्या दिवशी ठिपक्यांच्या जागा बदलल्या होत्या. एवढी मोठी गोष्ट आपल्याला कळली आणि सांगायला एक माणूस नाही, याचं त्याला वाईट वाटलं. जन्मात पहिल्यांदाच त्याला कोणाशी तरी गोड बोलावंसं वाटत होतं.

म्हणून तो वामनरावांकडे गेला. दुर्बीण जोडली म्हणाला. कागदात शेवटी एक गोष्ट लिहिलेली आहे, तीही सांगतो म्हणाला. ती गोष्ट अशी होती की या दुर्बिणीतून सगळं उलटं दिसतं, खालचं वर आणि वरचं खाली. आकाश बघताना त्यानं काही बिघडत नाही. पण तो तिथपर्यंत पोचलाच नाही. वामनराव म्हणाले, जोडली ना, बस झालं, मला शिकवू नकोस. त्याला कारणही होतं. दोन वर्षांपूर्वी इन्स्पेक्टरसमोर वामनरावांनी भलतीच बाटली उचलली होती आणि देवमननं भर वर्गात ‘ते अॅसिड होय, सर’ असं म्हटलं होतं. तेव्हापासून हुकूम होता की पाहुण्यांपुढे देवमननं तोंड उघडायचं नाही. त्याच्या मनातलं ते गोड बोलणं तिथंच नासलं.

खंडेनवमी आली. अण्णासाहेब देवळाचे चार पंच घेऊन पूजेला आले. दुर्बीण टेबलाच्या मधोमध होती. तिच्या गळ्यात झेंडूची माळ पडली, नळीवर कुंकवाची पाच बोटं उठली. पूजा झाल्यावर अण्णासाहेब म्हणाले, आता बघू तरी कशी दिसते. दिवसाउजेडी आकाशात काय दिसणार? पण मुद्दा तो नव्हताच. आपल्याकडे नवी वस्तू आधी देवाला दाखवायची रीत आहे, तसं या दुर्बिणीनं पहिलं दर्शन कळसाचं घ्यावं असं ठरलं. प्रयोगशाळेच्या खिडकीतून देवळाचं शिखर दिसायचं, आणि त्यावरचा पितळी कळस अण्णासाहेबांनी त्याच वैशाखात नवा चढवला होता.

वामनरावांनी व्हरांड्यातून देवमनला हाक मारली. तो आत आला, टेबल खिडकीशी सरकवलं, नळी वळवली, डोळा लावून कळस नेमका मध्ये आणला. कळस त्याला दिसला तो बूड वर आणि टोक खाली. आता बोलावं की नाही? बोलायचं नाही असा हुकूम होता. आणि हुकूम नसता तरी त्या घटकेला तो बोलला नसता, कारण त्याला मजा वाटत होती, हे इथंच सांगून टाकलेलं बरं. तो बाजूला झाला आणि भिंतीला टेकून उभा राहिला.

अण्णासाहेबांनी टोपी मागं सारली, हात जोडले, डोळा लावला. मग जोडलेले हात सुटले. त्यांनी डोळा चोळून पुन्हा पाहिलं. पंचांनी एकामागून एक पाहिलं. शिखर आभाळातून खाली लोंबत होतं, कळस पालथा होता आणि ध्वज त्याच्याही खाली फडफडत होता. एक पंच म्हणाला, सणासुदीचा हा अपशकुन आहे. दुसरा म्हणाला, अपशकुन कसला, ही कोणाची तरी करणी आहे. असं म्हणून त्यानं देवमनकडे पाहिलं, आणि मग सगळ्यांनीच पाहिलं.

अण्णासाहेबांनी वामनरावांना विचारलं, मास्तर, हे असं काहून? वामनराव सांगू शकले असते. पण चैत्रातली खुर्ची त्यांच्या डोळ्यांपुढे आली असावी.

“यानं जोडली,” ते म्हणाले. “भिंगं उलटी बसवली यानं.”

वड्याचं तेल वांग्यावर काढायला माणसाला किती कमी वेळ लागतो. मग वामनरावांनीच आपल्या मोत्यासारख्या अक्षरात एक कागद लिहिला: मी, देवमन तेलगोटे, दुर्बिणीची भिंगं मुद्दाम उलटी बसवून कळसाची विटंबना केली, याबद्दल जाहीर माफी मागतो. सही केली तर नोकरी राहील, असं अण्णासाहेब म्हणाले. एरवी हातानं मारायची माणसं होती ती, त्या मानानं हे सौम्यच झालं. देवमन म्हणाला, दसरा होऊ द्या, एकादशीला सांगतो.

दसऱ्याला तो नागपूरला गेला. दीक्षेच्या मैदानावर माणसांचा समुद्र होता, पोळ्या बांधून आणलेले, लेकरं खांद्यावर घेतलेले लोक. एरवी तो तिथं मोकळा व्हायचा. या वेळी डोक्यात सारखा तो कागद होता. परतीच्या गाडीत भागीरथा म्हणाली, सही करून टाका. तिचं म्हणणं सरळ होतं. जिनिंग आठ महिने चालतं, उरलेले चार महिने घर शाळेच्या पगारावर असतं, आणि दोन पोरी आहेत. कागदाला कोण विचारतं?

“मी केलं नाही ते,” तो म्हणाला.

“आपल्या बापजाद्यानं कुठं काय केलं होतं,” भागीरथा म्हणाली, “तरी माफी मागतलीच ना त्यायनं?”

म्हणूनच तर, असं त्याला म्हणायचं होतं. पण तिच्या हातांवर सरकीनं पडलेले चिरे त्याला दिसले. मूर्तिजापूरपर्यंत तो सही करायला तयार झाला होता. अकोला येईपर्यंत पुन्हा नकारावर आला होता.

एकादशीला प्रयोगशाळेत अण्णासाहेब, हेडमास्तर आणि वामनराव बसले होते. कागद टेबलावर, त्यावर दौत. देवमन म्हणाला की सही करतो, पण त्याआधी सरांना सांगा, मॅट्रिकच्या वर्गात दर साली दुर्बिणीची जी आकृती काढून देता ती एकदा फळ्यावर काढा.

ही आकृती वामनराव अकरा वर्षं काढत होते आणि अकरा वर्षं देवमन ती पुसत होता. दर पौषात ती फळ्यावर यायची. लांबच्या वस्तूच्या जागी एक उभा बाण, मध्ये दोन भिंगं, त्यांतून जाणारे तिरपे किरण, आणि सगळ्यात शेवटी प्रतिमेचा बाण. त्याचं टोक खाली असायचं. वामनरावांनी तो अकरा वर्षं बिनचूक काढला होता. त्या बाणाच्या जागी कधी कळसही असू शकतो, हे काही त्यांच्या डोक्यात आलं नव्हतं. आता आलं. खडू हातात घेतल्यावर आलं.

त्यांनी पहिला बाण काढला, भिंगं काढली, किरण काढले. मग हात थांबला. देवमन वाट पाहत होता. एवढं एक खरं काढलं तर आपण पुढचं सगळं विसरून जाऊ, असं त्यानं मनाशी ठरवलंही होतं. त्याच्या स्वभावाला हे फार मोठं दान होतं. वामनरावांनी शेवटचा बाण काढला. टोक वर.

अकरा वर्षांत पहिल्यांदा त्यांनी तो चुकीचा काढला, आणि जाणूनबुजून काढला.

“टोक खाली पायजे, सर,” देवमन म्हणाला. त्यानं कपाटातून मॅट्रिकचं पुस्तक आणलं, पान उघडून अण्णासाहेबांपुढे ठेवलं आणि बोट लावून दाखवलं. खोक्यातला इंग्रजी कागदही शेजारी ठेवला.

अण्णासाहेब शेतकरी माणूस, पण खुळे नव्हते. त्यांनी पुस्तक पाहिलं, फळा पाहिला, मग वामनरावांच्या तोंडाकडे पाहिलं. देवमनला वाटलं, सुटलो. मग अण्णासाहेब सावकाश त्याच्याकडे वळले.

“म्हणजे कळस पालथा दिसनार, हे तुले माहीत होतं?”

इथं साधं उत्तर होतं. मी शिपाई माणूस, अण्णासाहेब, मला काय कळतं, असं म्हणायचं आणि खाली बघायचं. दारासमोर उन्हात उभं राहणाऱ्या त्याच्या बापाला हे वाक्य झोपेतही आलं असतं. अण्णासाहेबांना तेच हवं होतं, म्हणून तर त्यांनी विचारून एवढा वेळ दिला. हेडमास्तरांनी मानेनं खूणही केली.

“माहीत होतं,” देवमन म्हणाला.

“मंग सांगतलं काहून नाही?”

“एकडाव सांगाले गेलो तर मले शिकवू नको म्हणलं. पाहुण्याइपुढं बोलू नको म्हणलं.” पुढचं बोलायची काहीच गरज नव्हती. पण दुसऱ्याच्या लबाडीवर ज्याची आयुष्यभर नजर, त्याला स्वतःची झाकता येईना. “आन नसतं म्हणलं तरी नसतं सांगतलं. भिंगं मी उलटी बसवली नाही, त्याची माफी मागनार नाही. पण तुमी डोळा लावला तवा मले मजा वाटली. हे खरं हाय.”

झालं. खोट्या गुन्ह्याची माफी मागितली असती तर नोकरी राहिली असती, आणि खऱ्या गोष्टीची कबुली दिली म्हणून ती गेली. अण्णासाहेबांनी त्याला त्याच पावली घरी पाठवलं. वामनरावांना ते बंद दाराआड काहीबाही बोलले म्हणतात. पण विज्ञानाचा मास्तर अकोल्यात मिळत नाही, शिवाय माणूस जातीतला, सोयऱ्यातला. आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं. फळ्यावरची आकृती त्या दिवशी कोणी पुसली ते देवमनला माहीत नाही.

चार दिवसांनी कोजागिरी होती. त्या सकाळी वामनराव सरप देवमनच्या दारात उभे राहिले. अकरा वर्षांत कधी ते या वस्तीत आले नव्हते. वाटेत दोघातिघांना पत्ता विचारावा लागला होता, त्यामुळे सगळ्या गल्लीला कळलं होतं. कोटाची बटणं लावलेलीच. भागीरथानं घाईनं खाट झाडली आणि ते बसले.

काम असं होतं की कोजागिरीचा चंद्र दाखवायला अण्णासाहेबांनी अमरावतीचे पाहुणे बोलावले होते. विटंबनेचं प्रकरण आता कोणालाच वाढवायचं नव्हतं. चंद्र गोल असतो, तो पालथा दिसला तरी कोणाला कळत नाही. पण झेंडूची माळ काढताना कोणीतरी दुर्बिणीचे पाय सोडवले होते आणि आता ती पुन्हा कोणाला जोडता येईना. देवमननं संध्याकाळी येऊन ती जोडून द्यावी. अण्णासाहेब उद्यापासून कामावर घ्यायला तयार आहेत. कागद नाही, सही नाही, काही नाही.

भागीरथानं पाण्याचा तांब्या-पेला आणून ठेवला. हे पाणी तसंच परत न्यावं लागणार हे तिला ठाऊक होतं. पण वामनरावांनी पेला उचलला आणि घटाघटा सगळं पाणी प्यायले. वर आणखी मागितलं. भागीरथा दारातल्या बायकांकडे बघायला लागली. तिच्या तोंडावर असं काही आलं होतं की ते देवमनला बघवेना. चांगलं होतं ते, म्हणूनच बघवेना.

“येतो मी,” देवमन म्हणाला. “पण आधी आज दुपारी मॅट्रिकच्या वर्गात चाला. ते आकृती काढा आन पोराईले सांगा, का अण्णासाहेबापुढं मी बाण खोटा काढला होता. तेवढं करा. मंग जोडून देतो.”

वामनराव पेला हातात धरून बसले. मग म्हणाले की देवमन, मी तुझ्या घरी आलो, तुझ्या घरचं पाणी प्यालो, आता आणखी काय हवं तुला. त्यांना खरंच कळत नव्हतं. एवढी मोठी किंमत आपण मोजली आणि हा माणूस अजून हात पसरतो आहे, असा अचंबा त्यांच्या आवाजात होता.

“पाणी तुमी घरात प्याले,” देवमन म्हणाला. “बाण चारचौघात काढला होता.”

वामनरावांनी पेला खाली ठेवला. कोटाचं वरचं बटण चाचपलं, ते लागलेलंच होतं. ते उठले आणि गल्लीतून निघून गेले. देवमननं त्यांना दारापर्यंत पोचवलं नाही.

भागीरथा पेला घेऊन मोरीवर गेली आणि तो तिनं कितीतरी वेळ घासला. त्या रात्री तिनं दूध आटवलं नाही. दिवाळीनंतर देवमन तिच्याच जिनिंगात गाठी उचलायच्या हमालीला लागला. दोघं एकाच भोंग्यावर घरून निघत, ती पुढं आणि तो मागं, आणि फाटकापर्यंत ती त्याच्याशी एक शब्द बोलत नसे. असं पौषापर्यंत चाललं, म्हणजे मॅट्रिकच्या फळ्यावर ती आकृती यायच्या महिन्यापर्यंत.